सुटण्याची बाजू

बाबा तोकेक धरायचे.
प्रोबोलिंगोच्या बाहेर, रात्री, आंब्यांच्या बागांत,
कपाळाला दिवा बांधून.
मागे मी, हातात गोणपाट.
तोकेक म्हणजे पाल नव्हे, पालीचा दांडगा मामा:
वीतभर निळसर अंग, त्यावर शेंदरी ठिपके,
चावला की सोडत नाही,
आणि भिंत धरली की त्याहून सोडत नाही.

मी एकदा ओढला.
शेपूट माझ्या मुठीत, तो वाशावर.
बाबा हसले नाहीत.
"ओढू नये, न्गातिनी. ओढलं की आणखी धरतो.
बोटाच्या टोकाकडून उचल,
ओल्या वहीचं पान उलटतात तसं."
दुसऱ्याचं एकेक बोट त्यांनी उलटं वळवलं
आणि तो सुटला,
जणू कधी धरलंच नव्हतं.

सकाळी आई त्यांना काड्यांवर ताणून वाळवायची.
परदेशात औषधाला मागणी होती.
माझ्या शाळेची फी त्यातूनच गेली, हे मी लपवत नाही.

आता मी बांडुंगला, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत
काचा धुते, वजनं टांगते, आकडे लिहिते.
डॉक्टर हेस्तूंनी एकदा मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं.
बोटाखाली डिंक नाही, चीक नाही, ओल नाही.
केस आहेत. लाखो.
केसांना फाटे, फाट्यांना टोकं,
आणि प्रत्येक टोक भिंतीच्या इतकं जवळ जातं
की भिंतीलाच राहवत नाही.
चिकट असं काहीच नाही.
सगळी चिकाटी.

मेलेला तोकेकही धरून राहतो, ते म्हणाले.
मी मान डोलावली. ते मला शिकवायला नको होतं.
फक्त टेफ्लॉनवर त्याचं काही चालत नाही, म्हणाले.
त्या संध्याकाळी तेम्पे तळायच्या तव्याकडे
मी जरा आदरानं पाहिलं.

साच्यातून काढलेली आमची रबरी पट्टी
पोस्टाच्या तिकिटाएवढी.
तिनं चार किलो तांदूळ पेलले. टाळ्या झाल्या.
मग काढायला गेले तर काच तडकली.
तीन महिने असंच:
धरायचं तिला कळलं होतं,
सोडायचं कुणी सांगितलंच नव्हतं.

पावसाळ्याच्या शेवटी बाबांना दवाखान्यात ठेवलं.
सलाइनची चिकटपट्टी नर्सनं झटक्यात ओढली,
तिच्याबरोबर कातडीही आली,
कांद्याचा पापुद्रा निघावा तशी.
ती बिचारी घाबरली.
बाबा माझ्याकडे वळून म्हणाले,
"हिला सांग, टोकाकडून."

सोमवारी मी डॉक्टर हेस्तूंच्या टेबलापुढे उभी राहिले.
"केस सरळ नको. तिरके.
एका अंगाला ओढलं तर धरतील,
उलटं वळवलं तर जाऊ देतील."
त्यांनी विचारलं, कुठे वाचलंस?
बागेत, मी म्हटलं.

अकरा साचे फुकट गेले.
बारावी पट्टी मनगटावर लावून मी झोपले,
भांडी घासली, बसमध्ये लोंबकळले, पुन्हा झोपले.
तिसऱ्या सकाळी टोकाकडून उचलली.
खूण नाही. एक लवही ओढली गेली नाही.

बाबांच्या हातापर्यंत ती पोचली नाही.
परवानग्या, शिक्के, चाचण्या,
आणि त्यांना घाई.

परवा गावी, ओसरीवर एकटी होते.
छतातून हाक आली: तोकेक.
लहानपणी आम्ही मनात प्रश्न धरून हाका मोजायचो,
एक होय, एक नाही.
परवा प्रश्न नव्हता, तरी मोजत होते.
तीन. चार.
पाचवी अर्धीच राहिली.
दिवा वर धरला तेव्हा
तो पुढच्या पायाची बोटं उलटी वळवत होता,
सावकाश, एकेक,
पुढच्या वाशाकडे जायला.